तीन दिवसांची ताटातूट, तीन पिढ्यांची प्रतीक्षा

कोरियातील बंदुका १९५३ मध्ये शांत झाल्या. तुटलेली कुटुंबे मात्र जोडली गेली नाहीत. आई-वडील, भावंडे, पती-पत्नी यांची ओळख ज्या पिढीच्या स्मरणात आहे, ती पिढी आता झपाट्याने संपत आहे. आठवण उरणार नाही तेव्हा नाते कशाच्या आधारावर टिकणार, हा प्रश्न दक्षिण कोरियात कायदा, विज्ञान आणि धर्मविधी या तिन्ही अंगांनी सोडवण्याचा प्रयत्न सुरू आहे. त्याचा हा आढावा.

युद्ध संपले की सैनिक घरी परततात, निर्वासित आपापल्या गावी जातात आणि विस्कटलेले संसार हळूहळू पुन्हा उभे राहतात, असा सर्वसाधारण समज असतो. कोरियाच्या बाबतीत तो खोटा ठरला. २५ जून १९५० रोजी सुरू झालेले कोरियन युद्ध २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीने थांबले. मात्र ती केवळ शस्त्रसंधी होती. शांतता करार त्यानंतर कधीच झाला नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते युद्ध आजही संपलेले नाही. द्वीपकल्पाच्या मधोमध सुमारे चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आखला गेला आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे जो जिथे होता, तो तिथेच अडकला.

आपल्याकडे १९४७ च्या फाळणीने लाखो कुटुंबे दुभंगली. पण त्या ताटातुटीनंतरही पत्रे येत-जात राहिली, कधी पारपत्र मिळाले, कधी लग्नकार्याच्या निमित्ताने सीमा ओलांडता आली. कोरियात तेवढाही मार्ग उरला नाही. टपाल नाही, दूरध्वनी नाही, प्रवास नाही. पलीकडचे माणूस जिवंत आहे की नाही, एवढे साधे उत्तर मिळवण्यासाठीही दोन सरकारांची संमती लागते. दक्षिणेत अशा लोकांसाठी ‘एक कोटी विखुरलेली माणसे’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. तो काटेकोर मोजणीचा आकडा नसला, तरी या दुःखाची व्याप्ती लोकांच्या मनात केवढी होती, हे त्यावरून कळते.

‘दोन-तीन दिवसांत येतो’

ही कुटुंबे तुटली कशी, हे समजून घेण्यासाठी १९५० च्या हिवाळ्याकडे जावे लागते. त्या वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उत्तरेत खोलवर घुसल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये चीनच्या फौजा युद्धात उतरल्या आणि पारडे फिरले. माघार सुरू झाली. अणुबॉम्ब पडणार अशी आवई उठली. ज्यांना साम्यवादी राजवटीच्या सूडाची किंवा सक्तीच्या सैन्यभरतीची भीती होती, असे तरुण पुरुष आधी निघाले. म्हातारे आई-वडील, बायका आणि तान्ही मुले मागे राहिली. कडाक्याच्या थंडीत त्यांना कशाला हाल, आठवड्याभरात परतायचेच आहे, असा हिशेब होता. ‘दोन-तीन दिवसांत येतो’ असे सांगून घर सोडल्याच्या हकिकती त्या पिढीने पुढे आयुष्यभर सांगितल्या.

डिसेंबर १९५० मध्ये हुंगनाम या उत्तरेकडील बंदरातून सैन्याबरोबरच सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांतून दक्षिणेत हलवण्यात आले. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजाने एकाच फेरीत सुमारे १४ हजार निर्वासित नेले. प्रवासात पाच बालके जन्मली आणि नाताळच्या सुमारास जहाज गोजे बेटावर पोहोचले. या जहाजातून उतरलेल्यांमध्ये मून जे-इन यांचे आई-वडीलही होते. मून यांचा जन्म जानेवारी १९५३ मध्ये याच बेटावर झाला आणि २०१७ मध्ये ते दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या आईला उत्तरेत राहिलेल्या धाकट्या बहिणीची भेट घडली ती जुलै २००४ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर. मून त्या वेळी आईसोबत गेले होते आणि आपल्या मावशीला प्रथमच पाहत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. बहिणींची पुन्हा भेट झाली नाही. देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या मुलालाही ती घडवून आणता आली नाही, यातच या प्रश्नाची गुंतागुंत दिसते.

दक्षिणेत पोहोचलेल्यांचीही एकमेकांशी चुकामूक झाली होती. बुसान शहरातील योंगदो पूल हा निर्वासितांच्या भेटीचा ठरलेला ठिकाणा बनला. गर्दीत हात सुटला तर ‘योंगदो पुलावर भेटू’ असे सांगून लोक निघाले होते, कारण बुसानमधील तेवढी एकच खूण सर्वांना ठाऊक होती. पुलाच्या आसपास ज्योतिष्यांची अख्खी गल्ली उभी राहिली. हरवलेले माणूस जिवंत आहे का, एवढाच प्रश्न घेऊन लोक तिथे येत.

कोल्हापूरच्या सेनानीची साक्ष

या ताटातुटीच्या एका प्रकरणाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांपैकी २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. दुसऱ्या बाजूकडील कैद्यांतही असे ३५९ जण होते. या सर्वांना तटस्थ ताब्यात ठेवून प्रत्येकाला विचार बदलण्याची संधी द्यावी, असे ठरले आणि ती जबाबदारी भारताकडे आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल के. एस. थिमय्या होते, तर भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. पानमुनजोमजवळ भारतीय जवानांची छावणी उभी राहिली. तिचे नाव होते ‘हिंदनगर’.

वरकरणी हा राजकीय निवडीचा प्रश्न होता. कैद्याच्या दृष्टीने मात्र तो घराचा प्रश्न होता. परतावे तर राजवटीची भीती, न परतावे तर आई-वडील आणि बायको-मुले कायमची दुरावणार. छावणीत दोन्ही बाजूंच्या गटांची दहशत होती आणि मोकळेपणाने बोलणेही धोक्याचे होते. अखेर ८८ जणांनी दोन्ही कोरिया, चीन आणि तैवान यांपैकी कोठेही न जाता तटस्थ देशाचा पर्याय स्वीकारला. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते भारतीय दलाबरोबर मद्रासला उतरले. पुढे त्यांतील बरेच जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, तर काही मोजके भारतातच स्थायिक झाले.

शस्त्रसंधीच्या करारात विस्थापित नागरिकांना आपल्या घरी परतण्याची मुभा देणारे कलमही होते. प्रत्यक्षात त्याचा लाभ अगदी थोड्यांना मिळाला आणि दार बंद झाले.

नाते लपवण्याचा काळ

त्यानंतरची तीन-साडेतीन दशके पलीकडच्या नातलगाचे नाव घेणेच धोक्याचे होते. ज्यांच्या घरचे कोणी दक्षिणेत निघून गेले, त्या कुटुंबांवर उत्तरेत संशयाचा शिक्का बसला. शिक्षण, नोकरी, राहण्याचे ठिकाण या सर्वांवर त्याचा परिणाम झाला. दक्षिणेतही परिस्थिती फार वेगळी नव्हती. घरातील कोणी उत्तरेत गेले असेल, तर त्याच्या भावा-मुलांना सरकारी नोकरी, लष्करातील बढती किंवा परदेशप्रवास नाकारला जाई. नातेवाइकाच्या कृत्यासाठी कोणाचेही नुकसान होऊ नये, ही तरतूद तेथील राज्यघटनेत १९८० मध्ये आली.

परिणामी अनेक घरांत आजोबांचा फोटो पेटीच्या तळाशी गेला. काका ‘युद्धात वारले’ असे मुलांना सांगण्यात आले. पुढच्या पिढीपर्यंत नाते पोहोचले ते अशा अर्धवट, दबक्या स्वरूपात. भेटीसाठी पुढे आलेल्यांची संख्या तुटलेल्या कुटुंबांच्या तुलनेत कमी का दिसते, याचे एक कारण या भीतीत आहे.

ही कोंडी सार्वजनिकरीत्या फुटली ती दूरचित्रवाणीमुळे. ३० जून १९८३ रोजी केबीएस या सरकारी वाहिनीने हरवलेल्या नातलगांचा शोध घेणारा एक कार्यक्रम थेट प्रक्षेपित केला. तो एका रात्रीपुरताच ठरला होता, पण लोकांची रीघ लागली आणि तो १३८ दिवस चालला. एकूण प्रक्षेपण ४५३ तास ४५ मिनिटांचे झाले. ५३ हजारांहून अधिक लोक कॅमेऱ्यासमोर आले आणि १० हजार १८९ जणांना आपली माणसे सापडली. वाहिनीच्या इमारतीच्या भिंती आणि समोरचे मैदान हाताने लिहिलेल्या फलकांनी भरून गेले होते. नाव, गाव, अंगावरची खूण, घरात हाक मारण्याचे टोपणनाव असा मजकूर त्यावर असे. विशेष म्हणजे भेट झालेली बहुतेक माणसे दक्षिणेतीलच होती. एकाच देशात राहूनही तीस वर्षे ती एकमेकांना सापडली नव्हती. या प्रक्षेपणाच्या नोंदींना २०१५ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत स्थान मिळाले.

यादी, सोडत आणि बारा तास

सीमेपलीकडच्या भेटींसाठी दोन्ही देशांच्या रेडक्रॉस संस्थांची बोलणी १९७१ मध्ये सुरू झाली होती. सप्टेंबर १९८५ मध्ये दोन्ही बाजूंच्या मोजक्या लोकांची पहिली भेट झाली आणि पुन्हा पंधरा वर्षे शांतता पसरली. जून २००० मध्ये किम दे-जुंग आणि किम जोंग-इल यांच्या शिखर परिषदेनंतर खऱ्या अर्थाने दार किलकिले झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी शंभर जणांनी सोल आणि प्योंगयांग येथे आपल्या आप्तांना पाहिले. तेव्हापासून ऑगस्ट २०१८ पर्यंत अशा २१ फेऱ्या झाल्या. २००५ ते २००७ या काळात काही भेटी चित्रफितीच्या थेट दुव्याद्वारेही घडवण्यात आल्या.

या भेटींची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दक्षिणेतील इच्छुक व्यक्ती सरकार आणि रेडक्रॉसकडे नाव नोंदवते. फेरी जाहीर झाली की संगणकाद्वारे सोडत काढली जाई. त्यात वयोवृद्धांना आणि जवळच्या नात्याला प्राधान्य असे. निवडलेल्यांची इच्छा आणि प्रकृती तपासून यादी उत्तरेकडे पाठवली जाई. उत्तरेकडील यंत्रणा त्या नातलगांचा शोध घेऊन कोण हयात आहे आणि कोण नाही, हे कळवत असे. त्यातून सुमारे शंभर जणांची अंतिम यादी बनत असे. २०१८ च्या फेरीवेळी दक्षिणेत नोंदणी केलेले सुमारे ५७ हजार लोक हयात होते आणि जागा होत्या शंभर.

निवड झालेल्यांना कुमगांग पर्वतातील भेटकेंद्रात तीन दिवस मिळत. सामूहिक भेट, जेवण, खोलीतील खासगी भेट असे सगळे मिळून प्रत्यक्ष सहवास होई जेमतेम अकरा-बारा तासांचा. भेटीला जाताना लोक गरम कपडे आणि औषधे घेऊन जात. राजकारणावर बोलू नये, अशी सूचना असे. पत्ता मिळाला तरी नंतर पत्र पाठवता येत नाही. मार्च २००१ मध्ये दोन्ही बाजूंची प्रत्येकी तीनशे पत्रे पोहोचवण्यात आली होती, तो अपवादच. एकदा भेट झालेल्या व्यक्तीला पुन्हा संधी मिळत नसे, कारण रांगेत हजारो जण उभे असत. त्यामुळे निरोपाच्या सकाळी बसच्या काचेवर टेकलेले हात हे या भेटींचे सर्वांत परिचित दृश्य ठरले आहे. भेटीनंतर अनेक वृद्धांना आनंदापेक्षा खिन्नताच अधिक जाणवते, असे त्यांची विचारपूस करणाऱ्यांना आढळले, ते याच कारणाने.

श्राद्धाची तिथी कोणती?

आता प्रश्न पुढच्या पिढ्यांचा. कोरियन समाजात कुळाची जाणीव फार पक्की आहे. आपल्याकडील कुलवृत्तांतासारखे ‘जोकबो’ नावाचे वंशावळीचे ग्रंथ घराण्याघराण्यांत जपले जातात. अनेक घराण्यांत एका पिढीतील सर्व भावंडांच्या आणि चुलत भावंडांच्या नावात एक अक्षर समान ठेवण्याची परंपरा आहे. त्यामुळे एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांना केवळ नावावरून आपले नाते आणि पिढी ओळखता येऊ शकते.

पितरांचे स्मरण हा या कुटुंबव्यवस्थेचा कणा आहे. चुसोक हा सुगीचा सण आणि चांद्र नववर्ष या दिवशी पूर्वजांसमोर अन्न मांडून वंदन केले जाते. शिवाय प्रत्येकाच्या मृत्युतिथीला स्वतंत्र विधी असतो. पण उत्तरेत राहिलेल्या आईच्या मृत्यूची तिथी मुलाला कळणार कशी? आपल्याकडे तिथी ठाऊक नसलेल्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला होते. कोरियातही अशा मृतांसाठी नवव्या चांद्र महिन्याची नवमी पाळण्याची जुनी प्रथा आहे, तर काही जण जन्मदिवशीच विधी करतात. आई जिवंत असेल तर हा विधी अमंगळ ठरेल आणि ती गेली असेल तर विधी न करणे पाप ठरेल, या पेचात अनेक मुलांनी आपले उतारवय काढले. सीमेजवळ इमजिंगाक येथे १९८५ मध्ये ‘मांगबेदान’ ही वेदी बांधण्यात आली. सणाच्या दिवशी उत्तरेकडे तोंड करून लोक तिथे माथा टेकतात. आता आजोबांच्या मागे नातवंडेही उभी असतात.

अन्नातूनही नाते झिरपले. पूर्व किनाऱ्यावरील सोकचो येथे वाळूच्या पट्ट्यावर हामग्योंग प्रांतातील निर्वासितांनी झोपड्या घातल्या. युद्ध संपताच गावी जाता यावे, म्हणून जमेल तितके सीमेजवळ राहायचे, एवढाच उद्देश होता. ती वस्ती ‘अबाई’ या नावाने ओळखली जाते. त्यांच्या बोलीत हा शब्द वडीलधाऱ्या पुरुषासाठी वापरतात. तात्पुरत्या झोपड्यांचे गाव झाले. आज पर्यटक तिथे उत्तरेकडील पद्धतीच्या थंड शेवया खायला येतात. आजीच्या हातची चव तिसऱ्या पिढीच्या उपाहारगृहात टिकून आहे. ज्या गावाची ती चव आहे, ते गाव मात्र विकणाऱ्याने पाहिलेले नाही.

दुसऱ्या बाजूला याच तिसऱ्या पिढीतील तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. आजोबांचे गाव ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला बंदूक रोखून नातू पहाऱ्यावर उभा असतो. समोरच्या बाजूला कदाचित त्याचाच चुलत भाऊ असू शकतो.

रक्ताचा नमुना आणि वारसाहक्क

आठवणी पुसल्या जाणार हे ओळखून दक्षिण कोरियाने नाते कागदोपत्री जपण्याचा मार्ग धरला आहे. २०१४ पासून विखुरलेल्या कुटुंबांतील वृद्धांचे रक्त, लाळ आणि केसांचे नमुने घेऊन त्यांची डीएनए नोंद ठेवली जाते. आजोबा गेले, तरी उद्या नातवंडांना आपले नाते सिद्ध करता यावे, हा त्यामागील विचार. हजारो वृद्धांचे निरोप चित्रफितींवर नोंदवून ठेवण्यात आले आहेत. त्यांतील बहुतेक पाहणाऱ्यापर्यंत अजून पोहोचलेले नाहीत.

२०१२ मध्ये उत्तर-दक्षिण रहिवाशांमधील कौटुंबिक संबंध आणि वारसा यांविषयी खास कायदा झाला. त्यामागे अवघड वास्तव होते. उत्तरेत पत्नी-मुले सोडून आलेल्या अनेक पुरुषांनी दक्षिणेत पुन्हा संसार मांडला. पहिली पत्नी तिकडे वाट पाहत होती. मग दुसरा विवाह बेकायदा मानायचा का? वडिलांच्या मालमत्तेत तिकडच्या मुलांचा वाटा आहे का? उत्तरेतील भावंडांनी दक्षिणेतील न्यायालयात असा दावा लावल्याचे प्रकरण गाजल्यानंतर या प्रश्नांना टाळणे अशक्य झाले. परिस्थितीच्या रेट्यातून झालेला दुसरा विवाह केवळ पहिल्या विवाहामुळे रद्द ठरणार नाही, उत्तरेतील मुलांचा वारसाहक्क मान्य होईल, मात्र ती मालमत्ता व्यवस्थापकाच्या ताब्यात राहील आणि परवानगीशिवाय उत्तरेकडे नेता येणार नाही, असा मध्यममार्ग कायद्याने काढला. ज्यांची भेटही होऊ शकत नाही, त्यांच्या हक्काची मालमत्ता सांभाळून ठेवणारा असा कायदा जगात विरळाच म्हणावा लागेल.

दार पुन्हा बंद

२०१८ नंतर एकही भेट झालेली नाही. २०१९ मध्ये अण्वस्त्रांविषयीची बोलणी फिसकटली. जानेवारी २०२४ मध्ये उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-उन यांनी एकीकरणाचे धोरणच सोडून दक्षिण कोरियाला शत्रुराष्ट्र घोषित करण्याची भूमिका घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुमगांग येथील भेटकेंद्राची इमारत पाडली जात असल्याचे दक्षिण कोरियाच्या सरकारने जाहीर केले. २००८ मध्ये बांधून पूर्ण झालेली ही वास्तू केवळ याच कारणासाठी उभारलेली होती.

दक्षिणेत १९८८ पासून सुमारे १ लाख ३४ हजार लोकांनी आप्तांच्या शोधासाठी नावे नोंदवली. २०२४ च्या अखेरीस त्यांतील सुमारे ३७ हजारच हयात होते आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश ऐंशीच्या पुढचे होते. दर महिन्याला शेकडो नावे यादीतून गळतात. २०२३ पासून चुसोकच्या दोन दिवस आधीचा दिवस ‘विखुरलेल्या कुटुंबांचा दिवस’ म्हणून अधिकृतरीत्या पाळला जातो. ज्या दिवशी अवघा देश गावाकडे निघतो, त्याच्या तोंडावर गावी जाऊ न शकणाऱ्यांची आठवण व्हावी, हा हेतू.

युद्धाचा हिशेब मृतांच्या आणि जखमींच्या आकड्यांत मांडला जातो. कोरियाचा अनुभव सांगतो की युद्धाची खरी लांबी पिढ्यांमध्ये मोजावी लागते. पहिल्या पिढीने चेहरा जपला, दुसऱ्या पिढीने विधी जपले, तिसऱ्या पिढीच्या हाती नाव, एक प्रयोगशाळेतील नमुना आणि कायद्याचे कलम उरणार आहे. त्यातून नाते सिद्ध होईल यात शंका नाही. मात्र समोरासमोर आल्यावर ‘तू आमच्या थोरल्याचा ना?’ असे विचारणारे कोणी असेल, तरच ते नाते जिवंत राहील. असे विचारू शकणारी माणसे आज हयात आहेत. त्यांच्याकडे वेळ फार उरलेला नाही.